नागपुरात डेस्कटॉपसाठी प्रोसेसर घेताना: कोर, थ्रेड, वॅट आणि मे महिन्याचा उकाडा

बर्डीवर कॉम्प्युटरच्या दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, "भाऊ, बजेट किती?" आणि दुसरा, "आय३ दाखवू की आय५?" नवीन माणूस या दोन प्रश्नांवरच सौदा उरकतो. पण आय५ हे प्रोसेसरचं आडनाव झालं, त्यावरून त्याची पिढी कळत नाही. कोर किती, ते कोणत्या प्रकारचे, तापतो किती, कोणत्या मदरबोर्डावर (पुढे नुसतं 'बोर्ड') बसतो, यातलंही काही कळत नाही. हा लेख पहिल्यांदाच डेस्कटॉप जुळवणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्या याच क्रमाने घ्या, कारण आधीच्या पायरीचं उत्तर पुढच्या पायरीत लागतं.

१. आधी काम कागदावर लिहा

दुकानात जाण्यापूर्वी रोज वापरायच्या सॉफ्टवेअरची नावं लिहून काढा. "सगळंच करणार" असं लिहू नका, त्या उत्तराने नेहमी गरजेपेक्षा महाग प्रोसेसर गळ्यात पडतो.

टॅली, एक्सेल, ऑनलाइन फॉर्म, ब्राउझर, मराठी डीटीपी: ४ कोर, ८ थ्रेड (दोन्हींचा अर्थ दुसऱ्या पायरीत) पुरेसे आहेत. उरलेले पैसे १६ जीबी रॅम आणि एसएसडीवर लावा, फरक तिथे जास्त जाणवेल.

ऑटोकॅडमधलं ड्रॉइंग: बरंचसं काम एकाच कोरवर चालतं. इथे कोरची संख्या वाढवण्यापेक्षा एका कोरचा वेग जास्त असलेला ६ कोरचा प्रोसेसर घ्या.

व्हिडिओ एडिटिंग, प्रोग्रॅमिंग, एका वेळी दोन-तीन व्हर्च्युअल मशीन: ६ ते ८ कोर.

ब्लेंडर किंवा व्ही-रे मधलं सीपीयू रेंडरिंग: इथे मात्र कोर वाढवाल तेवढा वेळ वाचतो. १२, १६, २० कोरचा पैसा इथेच वसूल होतो.

गेमिंग: ६ किंवा ८ चांगले कोर घ्या आणि उरलेलं बजेट ग्राफिक्स कार्डला द्या.

२. कोर आणि थ्रेड यांतला फरक समजून घ्या

कोर म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारं एक पूर्ण गणनयंत्र. २००४ मध्ये पेंटियम ४ ची गती ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेली आणि तिथेच अडली. गती वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि व्होल्टेज वाढलं की उष्णता वर्गाच्या पटीत चढते. म्हणून २००५ मध्ये पेंटियम डी आणि अ‍ॅथलॉन ६४ एक्स२ हे दोन कोरचे डेस्कटॉप प्रोसेसर आले, आणि पुढे कोर वाढवणं हाच मार्ग ठरला.

थ्रेड म्हणजे कोरला एका वेळी दिलेली कामाची रांग. लग्नघरातला एक आचारी दोन शेगड्या सांभाळतो, एकीवर पाणी उकळेपर्यंत दुसरीवर हात चालवतो. पण म्हणून तो दोन आचारी होत नाही. '६ कोर १२ थ्रेड' हे १२ कोरच्या बरोबरीचं नाही. दुसऱ्या थ्रेडने कामात भर पडते, पण ती दुपटीच्या बरीच खाली राहते.

आणि कोर दुप्पट केले म्हणजे कामही निम्म्या वेळात होतं, असंही नाही. त्याच लग्नघरात बटाटे सोलायला आठ माणसं बसवता येतात, पण भात शिजायला लागणारा वेळ आठ जणांमुळे कमी होत नाही. संगणकशास्त्रज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हाच हिशोब मांडला. समजा एखाद्या कामाचा ७५ टक्के भाग वाटून देता येतो आणि २५ टक्के एकट्यानेच करावा लागतो. मग ४ कोरवर ते काम साधारण २.३ पट वेगाने होतं, ८ कोरवर २.९ पट, १६ कोरवर ३.४ पट. कोर कितीही लावले तरी ४ पटीच्या पुढे ते जाणारच नाही. ८ वरून १६ कोरवर जाताना प्रोसेसरची किंमत कितीने वाढते, ते या आकड्यांशेजारी ठेवून पाहा.

इंटेलच्या १२व्या पिढीपासून आणखी एक घोळ आहे. बऱ्याच मॉडेलांत दोन प्रकारचे कोर असतात: पी-कोर जड कामासाठी, ई-कोर हलक्या आणि मागे चालणाऱ्या कामासाठी. आय५-१३४०० वर '१० कोर' लिहिलेलं असतं, त्यात ६ पी आणि ४ ई असतात. पी-कोरला दोन-दोन थ्रेड, ई-कोरला एकेकच, म्हणून एकूण १६ थ्रेड. आय७-१४७०० चे २० कोर म्हणजे ८ पी आणि १२ ई, थ्रेड २८. कोर अल्ट्रा २०० मालिकेच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये तर दुहेरी थ्रेड काढूनच टाकले आहेत, अल्ट्रा ५ २४५के ला १४ कोर आणि थ्रेडही १४च. म्हणून नुसता 'कोर किती' हा प्रश्न अपुरा आहे. 'पी किती, ई किती' असं विचारा. असे मिश्र कोर असतील तर विंडोज ११ च टाका, कोणतं काम कोणत्या कोरला द्यायचं हे विंडोज १० पेक्षा त्याला चांगलं जमतं.

३. मॉडेलचं नाव अक्षर-अक्षर वाचा

सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. 'आय७, १६ जीबी, एसएसडी' अशी स्वस्त सेटची पाटी दिसते आणि आत आय७-३७७० निघतो. तो २०१२ चा आहे: ४ कोर, ८ थ्रेड, ८ एमबी कॅश (तिच्याबद्दल चौथ्या पायरीत), जुनी डीडीआर३ रॅम, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २०२२ च्या आय३-१२१०० लाही ४ कोर आणि ८ थ्रेडच आहेत, पण त्याचा एकेक कोर त्या जुन्या आय७ च्या कोरपेक्षा खूपच जलद आहे. कोर सारखे, नावात आय३, तरीही काम तोच आधी संपवतो.

इंटेलमध्ये आय५-१२४००एफ असेल तर १२ ही पिढी, ४०० ही त्या पिढीतली पायरी. शेवटचं अक्षर जपून वाचा. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड घ्यावंच लागेल. के म्हणजे ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त गतीवर चालवायला, खुला. टी म्हणजे ३५ वॅटचा, कमी तापणारा.

एएमडी या रायझन बनवणाऱ्या कंपनीच्या मॉडेलांत जी म्हणजे दमदार अंतर्गत ग्राफिक्स, एक्स म्हणजे जास्त गती, एक्स३डी म्हणजे वर रचलेली जास्तीची कॅश. रायझन ५००० मध्ये जी नसेल तर वेगळ्या कार्डाशिवाय डिस्प्लेच येत नाही. रायझन ७००० मध्ये एफ सोडून बाकी डेस्कटॉप मॉडेलांत कामापुरतं ग्राफिक्स असतं.

एकदम शेजारच्या नंबरांतही अंतर असतं. रायझन ५ ५५०० आणि रायझन ५ ५६०० दोघेही ६ कोर १२ थ्रेडचे. पण ५५०० ला एल३ कॅश १६ एमबी आणि पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी जोडण्याचा मार्ग) ३.०, तर ५६०० ला ३२ एमबी आणि पीसीआयई ४.०. किमतीतला फरक थोडा असेल तर ५६०० च घ्या.

४. कॅश आणि गिगाहर्ट्झ

कॅश म्हणजे कोरच्या हाताशी असलेली छोटी, अतिजलद मेमरी. एल१ आणि एल२ कोरच्या अगदी जवळ, एल३ सगळ्यांची मिळून. गेममध्ये एल३ चा फायदा उघड दिसतो. रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ आहे आणि तो ८ कोरचाच असून गेममध्ये जास्त कोरवाल्यांनाही मागे टाकतो. टॅलीला या ९६ एमबीचा काही उपयोग नाही.

गिगाहर्ट्झची तुलना एकाच पिढीत करा. दोन वेगळ्या पिढ्यांत किंवा दोन कंपन्यांत ती करून काही हाती लागत नाही.

५. वॅट बघा, कारण मे नागपुरातच काढायचा आहे

खोक्यावर '६५ वॅट' लिहिलेलं असतं. ते मूळ गतीवरचं असतं, पूर्ण भारावरचं नाही. आय५-१२४०० चा टर्बोमधला (जास्तीच्या गतीवरचा) आकडा ११७ वॅट, आय५-१३४०० चा १४८, आय७-१४७०० चा २१९, आय९-१४९००के चा २५३. एएमडीतही तसंच, रायझन ५ ७६०० वर ६५ लिहिलेलं असलं तरी सॉकेटमधून (बोर्डावरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेतून) तो ८८ वॅटपर्यंत घेतो, आणि १७० वॅटचा रायझन ९ ७९५०एक्स २३० पर्यंत.

आता खोलीचा हिशोब करा. हवेचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक राखतो. डिसेंबरात खोली २० अंश आणि पूर्ण भारावर प्रोसेसर ६५ अंश, म्हणजे फरक ४५ चा. तोच कूलर, तेच काम, आणि नवतपात खोली ४० वर गेली की प्रोसेसर ८५ च्या आसपास पोचतो. रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० अंश, ७६०० ची ९५, ७८००एक्स३डी ची ८९, इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीची १००. मर्यादा आली की प्रोसेसर जळत नाही, गती आपोआप कमी करतो. मग १६ कोरचे पैसे मोजलेले असतात आणि दुपारी दोन वाजता ते कोर कमी ताकदीने चालतात. थंड प्रदेशातल्या चाचण्यांचे व्हिडिओ बघून कूलर निवडू नका, त्यांची खोली २०-२५ अंशांची असते.

एसी नसलेल्या खोलीसाठी माझा सल्ला असा: ६५ वॅट गटातलाच प्रोसेसर घ्या आणि खोक्यातला छोटा कूलर पुरेल असं धरू नका. निदान १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर लावा. कॅबिनेटला समोरून जाळी हवी, काच नको. समोर दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा.

डेझर्ट कूलरबद्दल थोडं सविस्तर. कोरड्या मे महिन्यात तो खोली बरीच उतरवतो, प्रोसेसरलाही त्याचा फायदा मिळतो. पण कॅबिनेट त्याच्या झोतात ठेवू नका. ताट्यांमधून बारीक तुषार येतात आणि ओलसर हवेतली धूळ हीटसिंकवर (प्रोसेसरच्या कूलरच्या धातूच्या पात्यांवर) चिकटून बसते. कोरडी धूळ ब्लोअरने उडते, ही उडत नाही. हंगाम संपताना प्रोसेसरच्या कूलरचा पंखा काढून पाहा, पंखा आणि फिन्सच्या मध्ये राखाडी नमद्यासारखा थर जमलेला दिसेल, बोटाने सोलला तर अख्खी पट्टी निघते. हवा तिथेच अडलेली असते. कॅबिनेट झोताच्या बाजूला, जमिनीपासून फूटभर वर आणि भिंतीपासून निदान सहा इंच पुढे ठेवा. पावसाची चाहूल लागून हवा दमट झाली की डेझर्ट कूलरचा थंडावा संपतो आणि ओल तेवढी उरते, तेव्हा खिडकी उघडी ठेवा.

६. बोर्ड, रॅम आणि एसएमपीएस जुळवा

सॉकेट जुळला नाही तर पुढचं सगळं वाया. इंटेल १२, १३, १४ वी पिढी: एलजीए १७००. कोर अल्ट्रा २००: एलजीए १८५१. रायझन ५०००: एएम४, रॅम डीडीआर४. रायझन ७००० आणि पुढे: एएम५, रॅम फक्त डीडीआर५. एलजीए १७०० ची बोर्डं डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही प्रकारांत येतात, पण एका बोर्डावर एकच प्रकार चालतो. रॅम बोर्डाचा डबा बघूनच घ्या.

सॉकेट जुळूनही कॉम्प्युटर चालू न होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जुना बायॉस (बोर्डातलं, कॉम्प्युटर चालू करणारं सॉफ्टवेअर). दुकानात पडून असलेल्या बी४५० बोर्डावर रायझन ५६००, किंवा जुन्या एच६१० वर १४व्या पिढीचा प्रोसेसर लावला तर पंखे फिरतात, स्क्रीन काळीच राहते. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्ट यादी असते, तिच्यात तुमच्या प्रोसेसरपुढे बायॉसची किमान आवृत्ती दिलेली असते. त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि बायॉस दुकानातच अपडेट करून घ्या.

'कॅबिनेट विथ एसएमपीएस' म्हणून मिळणारा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा) घेऊ नका. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ४५० वॅटचा, ८० प्लस शिक्का असलेला वेगळा एसएमपीएस पुरतो. कार्ड असेल तर कार्डाच्या शिफारशीप्रमाणे. यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असलं तरी तो बहुधा ३६० वॅटच देतो. कार्डाशिवायच्या सेटला तेवढा चालतो, कार्ड असेल तर १ केव्हीए घ्या. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज २-३ च्या आत हवं.

७. दुकानात: काय तपासायचं, कोणती कागदपत्रं घ्यायची

तीन दुकानांत एकाच मॉडेलचा भाव विचारा, पूर्ण नाव घेऊन. 'बॉक्स पॅक की ट्रे?' हा प्रश्न नक्की विचारा. बॉक्स पॅकवर कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. ट्रे म्हणजे खोक्याविना सुटा प्रोसेसर, त्याची वॉरंटी विकणाऱ्याच्या शब्दावर. भाव कमी सांगितला की बहुतेकदा ट्रे असतो.

घरी नेण्याची कागदपत्रं आणि वस्तू:
- जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर
- प्रोसेसरचं खोकं, लेबल न फाडता
- बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस यांची खोकी आणि वॉरंटी कार्डं
- बोर्डाच्या सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिक झाकण, बोर्ड वॉरंटीत देताना ते मागतात

खोक्याच्या लेबलावरचा नंबर आणि प्रोसेसरच्या धातूच्या झाकणावरचा नंबर दुकानदारासमोरच जुळवून बघा, आणि दोन्हींचा फोटो काढा. कूलर बसला की झाकणावरचा नंबर पेस्टखाली जातो. गोंदिया, भंडारा, वर्ध्याहून खरेदीला येत असाल तर दुकानातच एकदा डिस्प्ले आणून दाखवा म्हणा. त्या अर्ध्या तासात दुसरी खेप वाचते.

८. बसवणं

लागणारं सामान: २ नंबरचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, केबल टाय, टॉर्च, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह.

बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. अंगातली स्थिर वीज उतरवायला कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. एलजीए आणि एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, एएम४ मध्ये प्रोसेसरवर. पिना कुठेही असोत, बोट लावू नका. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा आणि प्रोसेसर नुसता ठेवा, दाबू नका. एलजीएची दांडी खाली आणताना जोर लागतो, करकर आवाजही येतो, ते ठीक आहे. एएम४ मध्ये जोर लागला तर थांबा, पीन वाकते आहे.

पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढली का, ते दोनदा बघा. ती राहिली तर प्रोसेसर काही सेकंदांत ९० च्या वर जातो. चारही स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, प्रत्येकी दोन-दोन वेढे देत आवळा. इंटेलच्या खोक्यातल्या कूलरला खिळ्यांसारख्या पिना असतात. त्या दाबल्यावर बोर्ड उलटून चारही टोकं पलीकडे आली का ते पाहा, एक राहिली तरी कूलर तिरका बसतो.

पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच. प्रोसेसरची वीज बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, ४+४ पिनच्या केबलने. ६+२ पिनची केबल ग्राफिक्स कार्डाची असते, ती इथे दडपून बसवू नका. दोन रॅम असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, तरच दोन्ही चॅनल चालतात.

पुढे कधी एएम४ चा कूलर काढायचा झाला तर आधी दहा मिनिटं कॉम्प्युटर चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मग बंद करून, वायर काढून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत उचला. सरळ ओढला तर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

९. पहिली सुरुवात, बायॉस आणि चाचणी

एएम५ वर पहिल्यांदा बटण दाबलं की बोर्ड रॅमची जुळणी करतो, काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. घाबरून बंद करू नका. प्रोसेसर एफ असेल तर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावा, बोर्डाच्या एचडीएमआयमधून चित्र येणार नाही.

बायॉसमध्ये तीन कामं. एक, रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करणं, नाहीतर महाग रॅम मूळ कमी गतीवरच चालते. दुसरं, वीजमर्यादा. अनेक बोर्डं ती मोकळी सोडतात. आय५-१२४०० साठी दीर्घ मर्यादा (सततच्या भारासाठीची) ६५ आणि अल्प मर्यादा (थोड्या वेळासाठीची) ११७ वॅट ठेवा. रायझन ७ ७७००एक्स सारखा १०५ वॅटचा असेल तर ६५ वॅटचा इको मोड लावा. गती थोडी कमी होते, तापमान बरंच उतरतं. तिसरं, नवा बायॉस. १३व्या आणि १४व्या पिढीच्या वरच्या इंटेल प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती, त्यावरचा ०एक्स१२९ मायक्रोकोड (बायॉसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) ऑगस्ट २०२४ मध्ये आणि ०एक्स१२बी सप्टेंबर २०२४ मध्ये आला. असा जुना प्रोसेसर कुणाकडून घेत असाल तर तो आधी कोणत्या बायॉसवर चालला ते विचारा. बायॉस अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतं, म्हणून ते यूपीएसवरच आणि सकाळी करा. मे-जूनमध्ये संध्याकाळी वादळी पाऊस आला की वीज जातेच.

विंडोज टाकल्यावर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा. 'कोर्स' आणि 'लॉजिकल प्रोसेसर्स' हे आकडे बिलावरच्या मॉडेलशी जुळले पाहिजेत. कमी दिसले तर बायॉसमध्ये काही कोर किंवा दुहेरी थ्रेड बंद आहेत.

मग सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं चालवा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान, वॅट आणि गती बघा. खोलीचं तापमानही टिपून ठेवा. प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानांतला फरक काढा आणि त्यात ४० (नवतपातल्या खोलीचं तापमान) मिळवा. बेरीज प्रोसेसरच्या मर्यादेच्या निदान ५ अंश खाली आली तर उन्हाळा निघेल. जास्त आली तर आधी कूलर पुन्हा बसवून पाहा, मग वॅट उतरवा, आणि तरीही जमलं नाही तरच मोठा कूलर घ्या.

हीच चाचणी एप्रिलच्या सुरुवातीला आणि पावसाळा लागल्यावर पुन्हा करा. फरक पहिल्यापेक्षा ८-१० अंशांनी वाढला असेल तर धूळ साठली आहे. कॅबिनेट गच्चीवर न्या, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि ब्लोअर मारा, मोकळा पंखा भरधाव फिरला तर बेअरिंग जातं. साफ करूनही फरक उतरला नाही तर पेस्ट वाळली आहे, अल्कोहोलने जुनी पुसून नवी लावा.